खट् वाजणारी कडी

अक्कांचा राग ऑफिसात सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो साडेदहाच्या सुमाराला यायचा, कोणाच्या तरी प्रोग्रॅमवर बरसायचा आणि चहाचा कप रिकामा होईतो ओसरायचा. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवत, की छत्री उघडायची, बोलायचं नाही, आपोआप थांबतं. पण त्या सोमवारच्या बैठकीत अक्का बरसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा काढून वहीवर ठेवला आणि त्या साहेबांकडे नुसतं पाहत राहिल्या. खोलीतल्या बाकीच्यांनी आपापल्या खुर्च्या इंचभर मागे घेतल्या.

हे ऑफिस ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यांचं. कॉम्प्युटर चालू केला की सगळ्यांत आधी जी जागी होते आणि बाकीच्या प्रोग्रॅमना 'तू इथं बस, तू तिथं सरक, भांडू नका' असं दिवसभर बजावत राहते, ती सिस्टीम यांच्या हातची. अशा गोष्टीची लोकांना आठवण होते ती बिघडल्यावर. एरवी कोणी नावही घेत नाही. अक्कांची या कामात सव्वीस वर्षं गेली होती आणि नाव कोणी घेत नाही याचीच त्यांना सवय झाली होती.

साहेब नवे होते. चाळिशीच्या आतले, बोलायला गोड, टेबलावर कागदाचा कपटा दिसायचा नाही. आल्या आल्या त्यांनी कपाटं आवरली, मग भिंती आवरल्या, मग चार माणसं आवरली. आता आवरण्यासारखं दुसरं काही उरलं नाही म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमला हात घातला होता. ऑफिसनं त्यांचं नाव साफसूफ ठेवलं होतं आणि ते त्यांना आवडतं अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

"अक्का, तुमची ती कडी काढतोय आपण," साफसूफ म्हणाले. दंतवैद्य दात काढतो म्हणताना असतो तेवढाच मायाळू स्वर.

आता ही कडी काय ते सांगायला हवं. एकाच फाईलमध्ये दोन प्रोग्रॅम एका वेळी लिहायला लागले, तर एकाचं लिहिलेलं दुसऱ्यात घुसतं. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे दारावर पाटी लावायची, 'आत कोणी आहे'. सभ्य प्रोग्रॅम पाटी वाचून बाहेर थांबतात. पण जगात सगळेच काही पाटी वाचणारे नसतात. काही थेट दार ढकलतात. त्यांच्यासाठी अक्कांनी एकोणीस वर्षांपूर्वी आतून लावायची कडी तयार केली होती. प्रोग्रॅमनं सिस्टीमला म्हणायचं, 'या फाईलला कडी लाव.' सिस्टीमनं लावायची आणि सांगायचं, 'हो, लावली.' मग बाहेर कोणी कितीही धडका देवो, आतल्याचं काम संपेपर्यंत दार उघडत नसे.

"वापरतं कोण ही?" साफसूफांनी भिंतीवरच्या पडद्यावर आकडा आणला. "चार कोटी कॉम्प्युटर आपली सिस्टीम चालवतात. त्यांत कडी वापरणारे किती? सात. अहो, सात! आणि त्यांतले पाच या इमारतीत."

"ते माझे," कोपऱ्यातून टोचणी म्हणाली. टोचणी म्हणजे चाचण्या घेणारी मुलगी. इतरांच्या चुका शोधायला तिला नेमलं होतं आणि हे काम ती जेवणाच्या सुट्टीतही मन लावून करायची. "मी रोज सकाळी कडी लागते का ते बघते."

"म्हणजे राहिले दोन. दोघांसाठी अकराशे ओळी सांभाळायच्या. काही नवीन करायला जावं तर ही कडी आडवी."

हे खरं होतं. खरं होतं म्हणून अक्कांना जास्त झोंबलं. त्या कडीपायी टोचणीनं मागच्या वर्षी दोन महिने घालवले होते.

"बरं, काढा," अक्का म्हणाल्या. "पण जो प्रोग्रॅम कडी मागेल त्याला काय सांगणार?"

साफसूफांचा चेहरा उजळला. "तीच तर गंमत आहे! आपला पहिला नियम काय? आधीपासून चालणारं कुठलंही सॉफ्टवेअर मोडता कामा नये. म्हणून मागायची सोय आपण तशीच ठेवायची. तो म्हणेल, 'कडी लाव.' सिस्टीम म्हणेल, 'हो, लावली.'"

"आणि लावणार नाही."

"लावायला कडी आहे कुठे?"

"म्हणजे तोंडावर खोटं बोलायचं."

"खोटं कसलं, अक्का? त्याला हवं असलेलं उत्तर द्यायचं. तो खूश, आपण मोकळे."

पेनाला टोपण लागलं ते याच वेळी.

अशा बदलाला एक दाखला लागे. त्यावर एकच वाक्य असे : 'या बदलामुळे चालू असलेलं कोणतंही सॉफ्टवेअर मोडणार नाही.' खाली सही, तो भाग ज्याच्या नावावर असेल त्याची. कडीसमोरच्या रकान्यात एकोणीस वर्षं एकच नाव होतं. साफसूफांनी दाखला अक्कांच्या वहीवर, चष्म्याशेजारी, काटकोनात ठेवला.

"पुढच्या सोमवारपर्यंत. आणि हो, आकडा तुमच्याच मोजणीचा आहे बरं का," ते दारातून म्हणाले.

तोही वार बरोबर लागला. कोणती सोय किती जण वापरतात हे मोजणारा प्रोग्रॅम अक्कांनीच सहा वर्षांपूर्वी लिहिला होता आणि स्वतःच्या मोजणीला खोटं म्हणायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी सातांची यादी काढली. पाच टोचणीचे. एक कुठल्याशा कॉलेजातला. सातवा त्यांचा स्वतःचा, घरचा. अक्कांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

यादीत दादा नव्हता.

दादा म्हणजे अक्कांचा थोरला भाऊ. एका मोठ्या इस्पितळात रक्त तपासायच्या लॅबचा प्रमुख. कडी जन्माला आली तीच त्याच्या आरडाओरड्यातून. एकोणीस वर्षांपूर्वी एका रविवारी तो जेवता जेवता ताट सारून उठला होता. लॅबमध्ये दुसरं मशीन आलं होतं, दोन्ही मशिनं एकाच फाईलमध्ये लिहीत होती आणि एका बाळंतिणीचा रिपोर्ट एका कुस्तीगिराच्या नावावर निघाला होता. "तो पैलवान होता म्हणून कळलं तरी!" दादा ओरडला होता. "दोन बायका असत्या तर?" अक्कांनी तीन महिन्यांत कडी केली. दादाच्या लॅबचा प्रोग्रॅम तेव्हापासून तीच लावत होता. मग यादीत दादा का नाही?

त्यांनी फोन केला.

"दादा, तुमच्याकडे कडी अजून चालते ना रे?"

"कुठल्या दाराची?"

"दाराची नाही, मशीनची."

"मशीनची चौकशी! भावाला दोन आठवडे ताप होता, तेव्हा कुठे होतीस?"

"तुला ताप होता?"

"नव्हता. पण असता तर?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून अक्का गेल्याच.

लॅब तळघरात होती. स्पिरिटचा वास, फ्रिजची घरघर, गोल फिरणाऱ्या नळ्या आणि मध्ये पांढऱ्या कोटातला दादा, कोणावर तरी खेकसत. जुन्या मशीनचं नाव त्यानं म्हातारी ठेवलं होतं, नव्याचं सून. म्हातारी सावकाश लिहायची. आधी रुग्णाचा नंबर, मग त्याखाली एकेक निकाल. सून बाहेरच्या कंपनीची. पाटी वगैरे वाचायची तिच्यात पद्धतच नव्हती, निकाल तयार झाला की दाणकन लिहून मोकळी. म्हातारीचं लिहून होईपर्यंत सुनेला बाहेर रोखायचं काम एकोणीस वर्षं कडी करत होती.

"हा कॉम्प्युटर नेटला जोडलेला आहे ना?" अक्कांनी विचारलं.

दादानं भिंतीकडे बोट दाखवलं. नेटच्या सॉकेटवर जखमेवर लावतात ती चिकटपट्टी आडवी-उभी मारलेली होती. "ज्या मशीनवर रिपोर्ट बनतात त्याला बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही, असा इथला नियम आहे. काही नवीन आलं की डिस्क घेऊन जिना उतरायचं. सगळीकडे असंच असतं. का गं?"

अक्का तिथल्या उंच स्टुलावर बसल्या. त्यांच्या मोजणीचा निरोप नेटवरून येत असे. ज्याचा निरोप आला नाही तो वापरत नाही, असं धरायचं, ही ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती. आणि कडी हवी कोणाला? ज्याची चूक जिवावर बेतेल त्याला. अशा मशीनला नेट कोण जोडू देईल? म्हणजे सहा वर्षं त्यांनी अख्खं जग मोजलं होतं, फक्त कडी ज्यांच्यासाठी केली तेवढी माणसं सोडून.

"गाढव!" अक्का म्हणाल्या.

"मला म्हणालीस?"

"मला."

"मग चालू दे."

लॅबमध्ये एक जादा कॉम्प्युटर होता. अक्कांनी पर्समधून नव्या सिस्टीमची, कडी नुसती बंद ठेवलेली चाचणीची डिस्क काढली, त्यात घातली आणि दोन्ही मशिनं त्याला जोडायला लावली. रुग्णांचं रक्त वापरायचा प्रश्नच नव्हता. रोजच्या तपासणीसाठी ठरावीक मोजमापाचे द्रव ठेवलेले असतात, त्यांतला एक निरोगी माणसासारखा आणि एक, पोटॅशियम इतकं वाढलेलं की हृदय बंद पडावं. दादानं निरोग्याला धाकट्या मामांचं नाव दिलं, दुसऱ्याला थोरल्या मामांचं.

"दोघंही गेलेत," तो म्हणाला. "त्यांना आता काही धोका नाही."

बारा वेळा सगळं ठीक आलं. दादा जांभई द्यायला लागला. तेराव्या वेळी म्हातारी नंबर लिहून क्षणभर थांबली. तिच्या प्रोग्रॅमनं आधीच कडी मागितली होती आणि सिस्टीमनं आधीच गोड तोंडानं 'हो, लावली' म्हटलं होतं. तेवढ्यात सून आत घुसली. पडद्यावर हिरवी अक्षरं आली : रिपोर्ट तयार. थोरल्या मामांचं पोटॅशियम धाकट्या मामांच्या नावावर, धाकट्यांचं थोरल्यांच्या. कुठे घंटा नाही, लाल अक्षर नाही, एक टिंबसुद्धा जागचं हललेलं नाही.

दादाची जांभई अर्ध्यावर राहिली. त्यानं कागद छापून घेतला आणि बराच वेळ वाचला.

"याच्यावर डॉक्टर काय करतील माहीत आहे?" तो अगदी हळू म्हणाला. दादा हळू बोलला की अक्कांना लहानपणापासून भीती वाटायची. "धाकट्या मामांना धावत नेऊन पोटॅशियम उतरवायची इंजेक्शनं देतील. आणि थोरल्या मामांना म्हणतील, तुम्ही ठणठणीत आहात, घरी जा. दोघंही दाखवतील मग आपापली नाडी यमाला. आणि हे हिरवं? हिरवं कशाला दाखवतंय हे?"

"कारण काही मोडलं नाही."

"कोण म्हणतो?"

"आमचे साहेब."

दादानं साहेबांबद्दल जे उद्गार काढले ते इस्पितळातल्या तळघरातच राहिलेले बरे.

अक्का कागद घेऊन दुसऱ्या दिवशी साफसूफांसमोर उभ्या राहिल्या. साफसूफांनी तो शांतपणे वाचला. आपली मोजणी चुकीची होती, हेही अक्कांनी सांगून टाकलं. सव्वीस वर्षांत इतकं कडू वाक्य त्यांनी गिळलं नव्हतं.

"वाईट झालं," साफसूफ म्हणाले. "पण मला सांगा, लॅबचा प्रोग्रॅम बंद पडला?"

"नाही."

"अडकला? काही तक्रार दाखवली?"

"अहो, तक्रार दाखवत नाही हीच तर तक्रार आहे!"

"म्हणजे सॉफ्टवेअर मोडलं नाही. आत काय लिहिलं गेलं तो त्यांच्या कामाचा भाग झाला. दाखल्यात काय म्हटलंय? मोडणार नाही. सही करायला तुम्हाला अडचण कुठे येते तेच मला कळत नाही."

 या माणसाला कागद चारावा की टेबल उलटं करावं, याचा अक्कांनी खरोखर विचार केला. टेबल जड होतं. त्या बाहेर आल्या आणि टोचणीला म्हणाल्या, "तुझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर आहे?"

"किती नंबरचा?" टोचणीनं कशाला ते विचारलं नाही. तिचं अक्कांशी जमायचं ते यामुळे.

साफसूफांच्या केबिनशेजारी एक स्वच्छतागृह होतं, एका वेळी एका माणसाचं, पुरुष-बायका सगळ्यांसाठी. साफसूफ तिथं रोज अकरा वाजता, कॉफीनंतर जात. इतके नेमानं, की लोक त्यावर घड्याळ लावत. गुरुवारी सकाळी अक्कांनी त्या दाराच्या कडीचे चार स्क्रू काढले, आतली लोखंडी जीभ काढून पर्समध्ये टाकली आणि झाकण परत बसवलं. खटका पहिल्यासारखा फिरायचा. खट् असा आवाजही यायचा. पहिल्यापेक्षा किंचित खणखणीत.

अकरा वाजून चार मिनिटांनी हिशेबखात्याच्या बाईंनी ते दार ढकललं.

बाई ओरडल्या नाहीत. हिशेबखात्यात पंचवीस वर्षं काढल्यावर माणूस सहसा ओरडत नाही. त्या "चालू द्या" म्हणाल्या, दार लावून घेतलं आणि जागेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. पाच मिनिटांनी साफसूफ बाहेर आले. कान लालभडक.

"कडी कोणी मोडली?"

"मोडली?" अक्का उठून गेल्या आणि सगळ्यांसमोर खटका फिरवून दाखवला. खट्. "छे, चालतेय की. तुम्ही लावा म्हणालात, तिनं हो म्हटलं. तुम्ही खूश, ती मोकळी. तुटलंय का काही? अडकलं? काही तक्रार दाखवली तिनं?"

कोणी हसलं नाही. हसू नये म्हणून टोचणी टेबलाखाली काहीतरी शोधत होती.

आता साहेबांचे डोळे उघडले असतील असं कोणाला वाटेल. साहेबांनी पाऊण तासात सुतार आणून ती कडी बसवून घेतली आणि दुपारी अक्कांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तुमच्या नावावरून कडी काढून घेतोय. दुसरं कोणी सही करेल."

"आनंदानं," अक्का म्हणाल्या. "रकान्यात नाव कोणाचं घालू?"

इथे साफसूफ अडले. त्या रकान्यात ज्याचं नाव, पुढे काही झालं तर फोन त्याला. ते स्वतः जागा आवरत आले होते, नाव कुठे ठेवायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी शुक्रवारचा दिवसभर एकेकाला बोलावलं. एकाला पाठदुखी निघाली. एकाला त्या भागातलं काही कळेना, आणि तो त्या भागाचा अभ्यास केलेला माणूस होता. टोचणी म्हणाली, "घालते की. पण आधी दोन मामांचा रिपोर्ट दाखल्याला टाचून घेते." संध्याकाळी साफसूफांनी हात टेकले.

"अक्का, कडी काढायची आहे. वरपर्यंत शब्द दिलाय मी. कशी ते तुम्ही बघा."

"काढते ना," अक्का म्हणाल्या.

त्यांनी अकराशे ओळी काढल्या. काढताना स्वतःच्या डोक्यावरचे केस एकेक करून उपटत असाव्यात तसा चेहरा होता. उरली एक ओळ, उत्तराची. तिथं साफसूफांच्या माणसानं 'हो' लिहून ठेवलं होतं. अक्कांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'नाही.' खाली पडद्यावर दिसेल असा निरोप लिहिला : 'कडी आता मिळत नाही. पुढे जाऊ नका. आम्हाला फोन करा.' आणि ऑफिसचा नंबर. दाखल्यावरचं छापील वाक्य त्यांनी एका रेघेत मारलं, त्याखाली लिहिलं, 'मोडेल. मोडलंच पाहिजे,' आणि सही केली. साफसूफांनी सही कुठे आहे तेवढंच पाहिलं.

दादाला त्यांनी आधीच सांगून ठेवलं. "डिस्क आली की तुझा प्रोग्रॅम थांबेल."

"थांबू दे," दादा बाणेदारपणे म्हणाला. "चुकीचं लिहिण्यापेक्षा बंद पडलेलं परवडलं."

डिस्का गेल्या. पुढच्या गुरुवारी सकाळी सव्वानऊला फोन वाजला.

"बंद पाडलंस ना माझं मशीन!" दादाचा आवाज शेजारच्या टेबलांपर्यंत पोचला. "चौसष्ट नळ्या समोर, वरून वॉर्डवाल्यांची बोंब, आणि हा तुझा पडदा मला म्हणतो पुढे जाऊ नका! कुठे जाऊ मग, खड्ड्यात?"

"तूच म्हणाला होतास, थांबू दे."

"तेव्हा नळ्या नव्हत्या समोर!"

अक्कांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि सगळं ऐकून घेतलं. मधेमधे त्या 'बरोबर आहे' म्हणत होत्या. दादाचं संपतं न संपतं तोच दुसरा फोन वाजला, एका बॉयलरवाल्याचा. मग तिसरा, रेल्वेचे सिग्नल सांभाळणाऱ्या कोणाचा तरी. मग एका तुरुंगाचा, तिथली दारं एका फाईलवर चालत. तुरुंगाधिकाऱ्यानं वापरलेले शब्द टोचणीनं वहीत उतरवून घेतले. शनिवारपर्यंत त्रेचाळीस ठिकाणांहून शिव्या आल्या. मोजणीत यांतलं एकही नव्हतं. प्रत्येक शिवी अक्कांनी तारीख-वार घालून, ठिकाणासह यादीत लिहिली आणि सोमवारी साफसूफांच्या रिकाम्या टेबलावर ती यादी ठेवली. काटकोनात.

साफसूफांनी तुरुंगापर्यंत वाचलं. "हे मला आधी कोणी सांगायला नको होतं?" त्यांनी विचारलं.

अक्कांना उत्तर सुचत होतं. तीन-चार सुचत होती. त्यांनी यादीचं पुढचं पान उलटून दिलं.

दुपारपर्यंत अकराशे ओळी परत आल्या. चारच्या सुमाराला साऱ्या ऑफिसला साहेबांचं पत्र आलं : आपण वापरणाऱ्यांचं ऐकतो, हीच आपली ओळख. कडी मी राखून ठेवत आहे. 'मी' वाचून अक्कांचा राग नव्यानं, पहिल्यापासून सुरू झाला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. नवी डिस्क पोचली होती.

"पाच दिवस हातानं लिहिले रिपोर्ट," तो म्हणाला. "बोटं बघ माझी."

"फोनवर कशी बघू?"

"एकशे नव्वद. एकही चुकला नाही." मग मागे कोणावर तरी खेकसून तो परत फोनवर आला. "पण मी तुझ्याशी अजून बोलत नाहीये, कळलं?" आणि त्यानं फोन आपटला.

अक्कांनी मोजणीचा जुना प्रोग्रॅम उघडला. ज्याचा निरोप आला नाही तो वापरत नाही असं धरायचं, ही ओळ त्यांनी पुसली आणि तिथं लिहिलं, 'ज्याचा निरोप आला नाही त्याला जाऊन विचारायचं.' मग पर्स उचलून त्या केबिनशेजारच्या स्वच्छतागृहात गेल्या. कडी लावली. खट् वाजली. अक्कांनी दार दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, आणि मग पुन्हा एकदा ओढून पाहिलं.